बक्षिसासकट

यादी लागली तेव्हा मावशी पुरुषांच्या वॉर्डात अकरा नंबरच्या आजोबांची चादर बदलत होती. आजोबांना एका कुशीवर वळवायचं, पाठीखालून जुनी चादर गुंडाळत आणायची आणि तिच्या मागोमाग नवी सोडत जायची, हे काम एकवीस वर्षांत तिच्या हाताला इतकं बसलं होतं की पेशंटला आपण हललो हेही कळायचं नाही. तेवढ्यात मोठ्या सिस्टर आपल्या टेबलापाशी उभ्या राहून ओरडल्या. एरवी वॉर्डात कोणी आवाज चढवला की त्याला फैलावर घेणाऱ्या बाई त्या.

"मावशी! अहो मावशी, लागला! बिट्टीचा नंबर लागला!"

मावशीने आधी चादरीचं टोक गादीखाली नीट खोचलं. मग विचारलं, "कुठं?"

"कुठं म्हणजे? इथंच! आपल्याच कॉलेजात, फीमाफीच्या जागेवर!"

मावशी मटकन आजोबांच्या पायाशी बसली. पेशंटच्या पलंगावर बसायचं नाही हे ती स्वतः नव्या बायकांना शिकवायची, पण त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. आजोबाच म्हणाले, "मग माझं दुसरं ऑपरेशन आता तिच्याच हातून. मी थांबतो."

"पाच वर्षं थांबाल?" सिस्टरांनी विचारलं.

"तुमचे डॉक्टर ज्या तारखा देतात त्या बघता सहज थांबेन."

सगळा वॉर्ड हसला. मावशी हसता हसता पदराने डोळे पुसत होती.

हॉस्पिटलच्या मागचं पटांगण ओलांडलं की काचेची चार मजली इमारत लागायची, ते कॉलेज. दोन्हींचा मालक एकच ट्रस्ट. तिथली एका वर्षाची फी म्हणजे मावशीचा सहा वर्षांचा पगार, त्यामुळे ती इमारत तिने आजवर फक्त मागच्या दाराने पाहिली होती, तपासणीचे नमुने पोचवायला जाताना. पण दरवर्षी तिथल्या बारा जागांची शिकवणीची फी सरकार भरायचं. कमी उत्पन्नाच्या घरातली, चांगल्या मार्कांची बारा मुलं. बिट्टीचा त्यात अकरावा नंबर होता.

मावशीची लेक जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून बिट्टी. आता ती बापापेक्षा चार बोटं उंच होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तसंच मावशीचंही. हॉस्पिटलात वॉर्डातल्या प्रत्येक बाईला मावशी म्हणतात. पगार विभागातला कारकून तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, तरी तो तिला मावशी म्हणायचा आणि ती त्याला भाऊ. नात्याचा हा गुंता सोडवत बसायला कोणाला वेळ नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी तिच्या नवऱ्याने दुकान अर्धा तास आधी बंद केलं. तो घड्याळजी. कापडाच्या दुकानाच्या जिन्याखाली, दाराच्या रुंदीएवढं त्याचं टेबल. हल्ली लोक यायचे ते सेल बदलायला आणि पट्टे बसवायला. घड्याळ उघडून आत बघायची वेळ महिन्यातून एखाददोनदा यायची. गिऱ्हाईक परत जाईल अशी भीती नव्हतीच, पण लेकीच्या नावाने दुकान लवकर बंद करण्यातही एक मान होता. घरी येऊन तो खुर्चीवर बसला आणि बराच वेळ नुसता बिट्टीकडे बघत राहिला.

"काय हो, असं काय बघताय?" मावशी म्हणाली.

"काही नाही. डॉक्टर कशी दिसते ते बघतोय."

"बाबा, अजून कागद तपासायचेत," बिट्टी म्हणाली. तिच्या हातात कागदांची यादी होती, आणि जमलेल्या प्रत्येक कागदापुढे तिने बारीक खूण केलेली होती. एकच राहिला होता: आईच्या गेल्या वर्षाच्या पगाराचा दाखला.

दुसऱ्या दिवशी मावशी पगार विभागात गेली तेव्हा भाऊ डबा उघडत होते. त्यांनी तो तसाच झाकून ठेवला. "बिट्टीचा दाखला? तो आधी." हा माणूस फार टापटिपीचा. त्यांच्या टेबलावर टाचण्यासुद्धा एका दिशेला तोंड करून असायच्या. त्यांनी वर्षभराची बिलं काढली, एकेक रक्कम लावली, टाइप केली, शिक्का मारला, सही आणली. तासाभरात दाखला मावशीच्या हातात. मूळ पगार, धुलाई भत्ता, जादा पाळ्यांचे पैसे, आणि सगळ्यांत शेवटी बक्षीस.

"एक पैसा सोडलेला नाही, मावशी," ते म्हणाले. "उद्या कोणी म्हणायला नको की लपवलं. पोरीच्या कागदात खोट नको."

मावशीने दाखला छातीशी धरला आणि त्यांना दहादा धन्यवाद दिले.

ते बक्षीस कशाचं ते सांगायला हवं. आदल्या वर्षी तापाची साथ आली होती. पाच महिने हॉस्पिटल तुडुंब. जुन्या कॅन्टीनमध्येसुद्धा खाटा टाकल्या होत्या. वॉर्डातल्या निम्म्या बायका भीतीने यायच्या बंद झाल्या. मावशीने एका पाळीला दुसरी जोडून केली. सिस्टरांनी गळ घातली हे एक कारण, आणि बिट्टीच्या क्लासची फी हे दुसरं. कोणतं मोठं ते तिने कधी मनात तोलून पाहिलं नाही. त्या पाच महिन्यांत तिच्या हातांची कातडी फिनेलने सोलून निघाली. साथ ओसरल्यावर ट्रस्टने मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. सहा जणांचा सत्कार झाला, त्यात वॉर्डातली बाई ही एकटीच. तिसऱ्या रांगेत बसलेल्या बिट्टीने इतक्या जोराने टाळ्या वाजवल्या की पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून पाहिलं. प्रशस्तिपत्र तिथंच मिळालं. पैसे पुढच्या महिन्याच्या पगारात आले.

कागद तपासायचा दिवस मंगळवार होता. मावशीने रजा घेतली आणि नवऱ्याला नि लेकीला घेऊन आयुष्यात पहिल्यांदा काचेच्या इमारतीत पुढच्या दाराने गेली. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत एक बाई बसल्या होत्या. दिवसभर बोलून त्यांचा घसा बसला होता. त्या मधूनमधून चघळायची गोळी तोंडात टाकायच्या. बिट्टीने फाइल पुढे ठेवली. बाईंनी एकेक कागद उलटला, मान हलवली, आणि पगाराच्या दाखल्यावर थांबल्या. कॅल्क्युलेटर ओढला. एकदा बेरीज केली. घड्याळजीच्या उत्पन्नाचा सरकारी दाखला पुन्हा बघितला. दुसऱ्यांदा बेरीज केली. मग तिसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा बेरीज करणारा माणूस चांगली बातमी देत नाही, हे मावशीला इतकी वर्षं डॉक्टरांचे चेहरे बघून कळत होतं.

"ताई, घरचं उत्पन्न मर्यादेच्या वर जातंय," बाई म्हणाल्या.

"किती?"

"तीन हजार सहाशे."

मावशीला आधी बरंच वाटलं. "एवढंच ना? म्हणजे थोडंच की."

"थोडं की जास्त असा रकाना नाही हो माझ्याकडे. आत आणि बाहेर, दोनच आहेत."

"मॅडम," बिट्टीने विचारलं, "बक्षीस वगळलं तर?"

बाईंनी आकडा वजा केला. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "आत बसतं. आरामात बसतं."

"मग वगळा ना," मावशी म्हणाली. "ते काय दरवर्षी मिळतं? एकदाच दिलं, साथीत काम केलं म्हणून. आणि ते राहिलंय कुठं? हिच्या क्लासला गेलं."

"कुठं गेलं ते विचारायची सोय नाही, ताई. आलं किती, तेवढंच बघायचं. आणि हे पगारात आलंय. तुमच्याच दाखल्यावर लिहिलंय, एकूण उत्पन्न, बक्षिसासकट." गोळी या गालातून त्या गालात गेली. "मला विचारावं लागतं म्हणून विचारते. पूर्ण फी भरून ही जागा ठेवणार आहात का?"

घड्याळजी खिडकीबाहेर बघत होता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "एक करते. आज मी 'अपात्र' लिहीत नाही. 'कागद अपूर्ण' लिहिते. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत तसं ठेवता येतं मला. तोवर हे पैसे पगार नव्हेत असं कोणाकडून लिहून आणता आलं तर आणा. पाचनंतर मात्र ही यादी माझ्या हातात राहत नाही, आपोआप बंद होते."

मावशी तिथून थेट पगार विभागात गेली. तिच्याकडे बघताच भाऊ उभे राहिले. तिने सगळं सांगितलं. सांगताना आपण या माणसावर आरोप तर करत नाही ना, याचीच तिला धास्ती वाटत होती.

"नवा दाखला देता येईल, भाऊ? ते एक सोडून?"

भाऊंनी ड्रॉवरमधून शिक्का काढला. हातात धरून ठेवला. परत ड्रॉवरमध्ये ठेवला. "दाखला बदलेन मी, मावशी. पण वर्षाचे आकडे केव्हाच करखात्याकडे गेलेत. माफी देणारे लोक तिथं बघणार. दोन कागदांत दोन आकडे दिसले की बिट्टीवर खोटेपणाचा शिक्का बसेल, मग पुढच्या वर्षीसुद्धा दार बंद."

"पण बक्षीस पगारात घातलं कोणी? सभागृहात तर पाकिटात देणार म्हणत होते."

भाऊ खुर्चीत बसले.

"मी घातलं," ते म्हणाले. "वेगळं बिल करायचं तर अध्यक्षांची सही लागायची. ते बाहेरगावी होते, दोन महिने येणार नव्हते. तुम्ही एकदा इथं उभ्या राहून विचारलं होतं, भाऊ, कधी मिळेल, क्लासचा हप्ता आलाय. म्हणून म्हटलं, पगारात घालू, लगेच हातात पडेल."

आणि तो पन्नाशीचा माणूस रडायला लागला. टाचण्यांच्या डबीशेजारी कोपर टेकून, तोंड झाकून. मावशीच्या डोळ्यांत मात्र पाण्याचा टिपूस नव्हता. तिने त्यांच्या टेबलावरचं पाण्याचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं. "असू द्या, भाऊ. तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलं," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं. राग काढायला एखादा माणूस मिळाला असता तर बरं झालं असतं, असं तिला जिना उतरताना वाटून गेलं.

बुधवारी ती डीन साहेबांच्या दाराशी बाकावर जाऊन बसली. रजा संपली होती, म्हणून कामाच्याच साडीत. नंबर पाचवा होता. पण त्या साडीत बाकावर बसलेली बाई कोणाच्या डोळ्याला कामाशिवाय दिसत नाही. "मावशी, जरा व्हीलचेअर आणता?" "मावशी, इथं काय तरी सांडलंय." ती उठली, व्हीलचेअर आणली, सांडलेलं पुसलं. परत आली तर पाचवा नंबर आत जाऊन बाहेर आला होता. शिपाई ओळखीचा, त्याने तिला सगळ्यांच्या शेवटी आत सोडलं.

डीन साहेब चांगले होते. तिला उभं न ठेवता खुर्चीवर बसवलं, साथीतले दिवस आठवले, दोन ठिकाणी फोन केले. फोनवर त्यांचं बोलणं मावशी कान देऊन ऐकत होती. "हो… कळतंय… पण केस बघा ना जरा… नाही, बरोबर आहे तुमचं." दुसऱ्या फोनवरही शेवट तोच: बरोबर आहे तुमचं.

"मावशी, जागा माझ्या कॉलेजातली आहे, पण माफी सरकारची," ते म्हणाले. "ट्रस्टच्या स्वतःच्या दोन माफ्या असतात, त्या मागच्याच महिन्यात दिल्या गेल्या. आधी कळलं असतं तर मी शब्द टाकला असता."

"आधी आम्हालाच कुठं माहीत होतं, साहेब."

त्यांनी स्वतः बसून पत्र लिहिलं: सदर रक्कम हा पगार नसून साथीच्या काळातील असामान्य सेवेबद्दल दिलेले एकवेळचे बक्षीस आहे. खाली मोठी सही. "हे घेऊन उद्या सकाळीच सरकारी कार्यालयात जा. चांगलं पत्र आहे." ते उठून दारापर्यंत आले. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला दारापर्यंत सोडलेलं मावशीने पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळे तिला धीर येण्याऐवजी भीतीच वाटली.

गुरुवारी तिघं मिळून गेली. सरकारी कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. दार उघडायच्या आधीपासून रांग. त्यांचा नंबर आला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. टेबलामागचा अधिकारी तरुण होता, नव्यानेच नोकरीला लागलेला असावा. त्याने पत्र शेवटपर्यंत वाचलं, हीच मोठी गोष्ट.

"मुद्दा बरोबर आहे," तो म्हणाला. तिघांनीही एकदमच श्वास सोडला. "याचं अपील होऊ शकतं. फॉर्म भरा. साठ दिवसांत निर्णय मिळेल."

"आज पाच वाजता जागा जाते, सर," बिट्टी म्हणाली.

"ती मुदत प्रवेशाची. अपिलाचं खातं वेगळं. अपील केलं म्हणून प्रवेश थांबत नाही."

"मग अपिलाचा उपयोग काय?"

हे घड्याळजीने विचारलं. गिऱ्हाईक पैसे न देता गेलं तरी मागून हाक न मारणारा माणूस तो. पण त्याचा आवाज इतका चढला की रांगेतले लोक गप्प झाले. अधिकारी गोरामोरा झाला.

"उपयोग… तुमची बाजू नोंदवली जाते, काका."

घड्याळजीने लगेच माफी मागितली. मग बिट्टीने फॉर्म भरला. तिचं अक्षर सुरेख होतं, आणि घाई असूनही तिने एकही खाडाखोड केली नाही. अधिकाऱ्याने पोचपावतीवर शिक्का मारून दिला.

परत येईपर्यंत तीन वाजले. वॉर्डाच्या दाराशी मोठ्या सिस्टर वाट बघत उभ्या होत्या. त्यांच्या हातात फुगलेलं पाकीट होतं. सकाळपासून वर्गणी चालली होती: सिस्टर, वॉर्डातल्या बायका, स्ट्रेचरवाले, शिकाऊ डॉक्टर, लिफ्टवाला. अकरा नंबरच्या आजोबांनी मुलाकडून मागून घेऊन टाकले होते. आणि भाऊंनी किती टाकले ते सिस्टरांनी हळूच मावशीच्या कानात सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अहो, त्यांची बायको त्यांना घरात घेणार नाही."

पाकिटातले पैसे पहिल्या वर्षाच्या फीत घातले असते तर पंधरा दिवसांची फी निघाली असती. घड्याळजी काल बँकेत जाऊन आला होता, पण कर्जाला घर तारण हवं. आणि घर भाड्याचं.

बिट्टीने पाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि तसंच सिस्टरांच्या हातात परत दिलं. "सिस्टर, साडेचार वर्षं आहेत. दर पंधरा दिवसांनी तुम्ही कुठं फिरणार असं?"

"या वेळचं तर होऊ दे. पुढचं पुढं बघू."

"पुढं नाही झालं तर हे पण गेलं, आणि जागा पण गेली," ती म्हणाली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सिस्टर पाकीट धरून उभ्या राहिल्या. त्यांना ते कुठं ठेवावं ते सुचेना.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना ती तिघं काचेच्या इमारतीत पोचली. घसा बसलेल्या बाईंनी डीन साहेबांचं पत्र वाचलं, अपिलाची पावती वाचली. "अपिलाचा निर्णय हातात असता तर मी लगेच लिहिलं असतं," त्या म्हणाल्या. "पावतीवर नाही लिहिता येत." मग त्यांनी एक छापील कागद पुढे केला. सूट नाकारल्याने जागा सोडत आहे, असा मजकूर. सही करण्याची जागा फुलीने दाखवलेली होती.

"मी ते बक्षीस घेतलंच नसतं तर," मावशी म्हणाली. कोणाला उद्देशून असं नाही. "तिथंच नको म्हटलं असतं तर."

बिट्टी सही करता करता थांबली. "आई, त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या मी वाजवत होते."

तिने सही केली. बाईंनी तो कागद घेतला आणि त्यांच्या घशातून काहीतरी शब्द निघाला, पण तो कोणालाच कळला नाही.

घरी आल्यावर बिट्टी रडेल असं मावशीला वाटत होतं. रडली असती तर जवळ घेता आलं असतं. ती रडली नाही. तिने टेबलावरची पुस्तकं उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर लावली, क्लासच्या वह्या दोरीने बांधल्या, आणि आईला विचारलं, "उद्या तुझी सकाळची पाळी आहे ना? मग लवकर जेवू." बाप म्हणाला, पुढच्या वर्षी परत परीक्षा दे. ती हो म्हणाली. क्लासशिवाय तेवढे मार्क पडणं अवघड, आणि क्लास लावायचा तर आईने जादा पाळ्या करायच्या, आणि जादा पाळ्या केल्या की उत्पन्न वर. हे तिघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी नमुन्यांचा ट्रे घेऊन पटांगणातून चालली होती. एक माणूस आडवा आला. नखांत रंग अडकलेला, शर्टाच्या बाहीवर पांढरे शिंतोडे. घरं रंगवणारा असावा. त्याच्यामागे एक मुलगी, हातात प्लास्टिकची फाइल पोटाशी घट्ट धरलेली.

"मावशी, प्रवेशाचे कागद तपासतात ते कुठं? सकाळी फोन आला, एक जागा रिकामी झालीय म्हणून. रंगाचा डबा तसाच उघडा टाकून आलोय बघा."

मावशीने हातातला ट्रे सरळ केला. तिने मुलीकडे पाहिलं. बिट्टीपेक्षा लहान दिसत होती, वेणी घाईत घातलेली, एका बाजूला कललेली. तिचा राग यावा म्हणून मावशीने जरा वाट पाहिली. आला नाही.

"पुढच्या दाराने जा. पहिला मजला, डाव्या हाताची तिसरी खोली," ती म्हणाली. आणि ते निघाले तसं मागून हाक मारली. "अहो दादा, उत्पन्नाचा दाखला नीट बघितलात ना? गेल्या वर्षी कुठून बक्षीस वगैरे काही मिळालेलं नाही ना?"

रंगारी हसला. "आम्हाला कोण देणार बक्षीस, मावशी!"

"बरं झालं," मावशी म्हणाली. "जा लवकर."

महिनाभराने बिट्टीने रक्त तपासणीच्या दोन वर्षांच्या कोर्सला नाव घातलं. सकाळी आठ ते चार. फी बेताची, आणि दुसऱ्या वर्षापासून थोडे पैसेही मिळतात. ती तिथं हुशार ठरली, ठरणारच होती. पहिल्याच परीक्षेत तिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. तिने ते घरी सांगितलं ते दोन दिवसांनी, बोलता बोलता, पाण्याचं बिल आलंय हे सांगावं तसं. घड्याळजीने त्या दिवशी दुकान नेहमीच्या वेळेलाच बंद केलं होतं.

अपिलाचं पत्र एकाहत्तराव्या दिवशी आलं. मावशी दुपारच्या पाळीला निघायच्या तयारीत होती, बिट्टीला त्या दिवशी सुट्टी होती. पाकिटावर सरकारी शिक्का बघून मावशीने ते बिट्टीपुढे धरलं, तिने फोडलं. उभ्या उभ्याच वाचलं.

"काय लिहिलंय?"

"अपील मान्य झालंय."

"म्हणजे?"

"'एकवेळचे बक्षीस हे नियमित उत्पन्नात धरता येणार नाही. अर्जदार सवलतीस पात्र होती.'" बिट्टीने पुढची ओळ वाचली तेव्हाही तिचा आवाज तसाच होता, सपाट. "'तथापि यंदाची प्रवेश प्रक्रिया पूर्ण झाली असल्याने कोणतीही कार्यवाही शक्य नाही. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.'"

"मग आता काय करायचं?"

"काही नाही, आई. आपलं बरोबर होतं, एवढंच."

"कोणाला भेटून येऊ का? डीन साहेबांना दाखवू हे पत्र?"

"दाखव. त्यांना बरं वाटेल."

मावशीने पत्र हातात घेतलं. ती वाचू शकत होती, सावकाश, पण तिने वाचलं नाही. नुसतं उलटंपालटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. तेवढ्यात बिट्टीने तिची पिशवी दारापाशी आणून ठेवली आणि म्हणाली, "आई, पाळीला उशीर होईल. आज तुमच्याकडे दोनच बायका आहेत, सिस्टरांचा सकाळी निरोप आला होता. जादा पाळी करशील का विचारलंय."

"मग काय सांगितलंस?"

"तुला विचारून सांगते म्हटलं."

मावशीने चपला घातल्या. जिन्यापाशी ती थांबली. वॉर्डात चौतीस खाटा, आणि दोन बायका. ती मागे वळून लेकीकडे बघत राहिली, जणू तिच्याकडे उत्तर असेल. बिट्टीने पिशवी तिच्या हातात दिली. मग मावशी जिना उतरून कामाला गेली.